ठणक्यावरचा पाला

दिवाळीचा फराळ संपत आला की पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या वाड्या-वस्त्यांवर बांधाबांध सुरू होते. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेऊन खर्च झालेली असते. ट्रॅक्टर येतो, भांडीकुंडी, सरपण, पोरंबाळं त्यात चढतात आणि नवरा-बायको मिळून झालेला ‘एक कोयता’ पुढचे चार-पाच महिने फडावर जातो. अंधारात उठायचं, वाकून ऊस बुडातून छाटायचा, पाचट सोलायचं, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं. दिवस मावळताना कंबर दुखते की गुडघा की खांदा, हे वेगळं सांगता येत नाही. अंगच ठणकत असतं. म्हणून पिठामिठाच्या पिशवीसोबत गोळ्यांची पाकिटंही फडावर जातात. डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन. नाव कुणाला ठाऊक नसतं, गोळीचा रंग ठाऊक असतो. सकाळी एक आणि रात्री एक.

याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, कळसूबाईच्या पायथ्याच्या गावांत, गुडघा धरला तर आधी ओढ्याकाठी माणूस धाडतात, निर्गुडी आणायला. अहिल्यानगर, म्हणजे बोलण्यातलं नगर, क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा: १७ हजार चौरस किलोमीटर आणि १४ तालुके. पश्चिमेला अकोले तालुक्याच्या घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो आणि पाथर्डी-जामखेडकडे ढगांची वाट बघावी लागते. दुखणं मात्र दोन्हीकडे सारखंच, कष्टाचं. भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या पुण्यातल्या सहकाऱ्यांनी १९९६ साली सुरू केलेली पाहणी इथे आठवते. भिगवण पुणे जिल्ह्यात असलं तरी कर्जत-राशीनच्या माणसाला ते भीमेपलीकडचं शेजारचं गाव. घरोघर जाऊन ४,०९२ प्रौढांना विचारलं, तेव्हा १८.२ टक्के लोकांनी हाडा-सांध्यांचं, स्नायूंचं दुखणं सांगितलं. खेड्यातली माणसं काटक असतात, त्यांना संधिवात कुठला, असं म्हणणाऱ्यांना त्या पाहणीने चांगलंच उत्तर दिलं.

फडावरची गोळी आणि ओढ्यावरचा पाला या दोन गोष्टी आपण दोन वेगळ्या जगांत ठेवून दिल्या आहेत. एकीकडे ‘इंग्रजी औषध’, दुसरीकडे ‘झाडपाला’. एकाची बाजू घ्यायची आणि दुसऱ्याला नावं ठेवायची, अशी सवयच झाली आहे. मला हे दोन्ही सोडून तिसरंच मागायचं आहे: पाल्याचं मोजमाप. कोणतं झाड, कोणतं पान, कोणत्या महिन्यातलं, किती मात्रेत, कोणाच्या गुडघ्याला, किती दिवसांनी, आणि त्याने त्रास काय झाला. हे ज्या वनस्पतींच्या बाबतीत नेटाने केलं गेलं, त्यांच्यातून खरी औषधं निघाली आहेत. ती कामं कशी झाली हे बघितलं की निर्गुडीच्या बाबतीत काय राहून गेलंय, ते दिसतं.

आधी गोळीचं काम समजून घेऊ. पेशीला इजा झाली की तिच्या आवरणातून अ‍ॅराकिडोनिक आम्ल नावाचं स्निग्धाम्ल सुटतं. त्याला पुढे दोन मुख्य वाटा आहेत. एका वाटेवर कॉक्स हे विकर त्याची प्रोस्टाग्लँडिनं बनवतं. दुसऱ्या वाटेवर ५-लॉक्स हे विकर ल्युकोट्राइनं बनवतं. सूज, लाली, उष्णता, ठणका हा सगळा पसारा बऱ्याच अंशी या रसायनांचा. वेदनाशामक गोळ्या पहिली वाट अडवतात. हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. गंमत अशी की तोवर अ‍ॅस्पिरिन बाजारात येऊन सत्तर वर्षं उलटली होती. ते आलं होतं विलोच्या सालीतल्या सॅलिसिनचा माग काढत. आपल्याकडे ओढ्या-नद्यांच्या काठी वाढणारं वाळुंज हे त्याच कुळातलं झाड. चरकसंहितेतल्या वेदनास्थापन गणात दहा द्रव्यं आहेत. त्यांतलं वंजुळ म्हणजे याच जातीचं झाड, असं काही अभ्यासक मानतात.

पण प्रोस्टाग्लँडिनं काही नुसती दुखवायला बसलेली नसतात. जठराचं अस्तर तीच राखतात. शरीरातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तीच टिकवून धरतात. आता फडातली बाई डोळ्यांसमोर आणा. ऊन तापलेलं, पाणी दूर, आडोसा नाही म्हणून मुद्दाम कमी प्यायलेलं, आणि रिकाम्या पोटी घेतलेली डायक्लोफिनॅक. ज्या क्षणी मूत्रपिंडाला प्रोस्टाग्लँडिनांची सर्वांत जास्त गरज, नेमकी त्याच क्षणी गोळीने ती अडवलेली. अशा माणसांसाठी ठणका कमी करणारं आणि पोट, मूत्रपिंड सांभाळणारं दुसरं काही सापडलं, तर ती हौसेची गोष्ट नाही. या जिल्ह्याची ती गरज आहे.

निर्गुडी ओळखायला सोपी. एका देठाला बहुधा पाच पानं, वरून हिरवी, खालून पांढुरकी राखाडी. चुरगळली की कडवट, उग्र वास बोटांवर रेंगाळतो. निळसर जांभळ्या फुलांचे तुरे येतात. शेरडं-गुरं तोंड लावत नाहीत म्हणून बांधावर कुंपणाला लावतात. वाळलेला पाला धान्यात घालतात, किडीला दूर ठेवायला. गुडघ्यासाठी ताजा पाला ओरबाडून आणायचा, तव्यावर थोड्या तेलावर परतायचा, तो मऊ पडून वास घरभर झाला की सुती फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि सोसवेल इतकी गरम शेकायची. गार झाली की परत तव्यावर. शेवटी तोच पाला गुडघ्यावर ठेवून वरून एरंडाचं पान बांधून रात्रभर ठेवायचा. या कृतीत किमान चार गोष्टी एकत्र झाल्या: उष्णता, तेल, मालिश आणि पाला. सकाळी गुडघा हलका झाला तर श्रेय कोणाचं? घरच्या माणसाला या प्रश्नाशी कर्तव्य नसतं आणि नसावंही. औषध बनवणाऱ्याला मात्र इथूनच सुरुवात करावी लागते.

ती सुरुवात प्रयोगशाळांत झालेली आहे. या कामाची नेहमीची पद्धत १९६२ पासून चालत आलेली. उंदराच्या मागच्या पंजात समुद्री शेवाळातून काढलेल्या कॅरॅजीननच्या एक टक्का द्रावणाचा थेंबभर डोस टोचतात. तासा-दोन तासांत पंजा सुजतो. तो पंजा द्रवाने भरलेल्या नळीत घोट्यापर्यंत बुडवायचा. जेवढा द्रव वर सरकला तेवढं पंजाचं आकारमान. दर तासाला बुडवायचं, आकडा लिहायचा. ज्या उंदराला आधी वनस्पतीचा अर्क दिला त्याचा पंजा कमी सुजला, तर अर्कात सूजनाशक गुण आहे. लोणी, संगमनेर, विळद घाट इथल्या फार्मसी महाविद्यालयांत शिकलेल्या मुलामुलींना हा प्रयोग पाठ असतो. निर्गुडीच्या पानांचा अर्क या परीक्षेत उतरला आहे. श्रीलंकेच्या संशोधकांनी २००३ मध्ये जून झालेल्या ताज्या पानांच्या पाण्यातल्या अर्काने उंदरांची सूज आणि वेदना कमी झाल्याचं छापलं. रोहतकच्या टंडन आणि गुप्ता यांचं २००६ चं काम मला याहून मोलाचं वाटतं. निर्गुडीच्या अर्काची एकट्याने काम न करणारी लहान मात्रा आयबुप्रोफेनच्या तशाच लहान मात्रेला जोडली, तर दोघांचा मिळून परिणाम दिसतो, असं त्यांना उंदरांत आढळलं. म्हणजे पाला गोळीला हाकलून लावेलच असं नाही. तो गोळीची मात्रा कमी करू शकेल. फडावरच्या बाईच्या मूत्रपिंडासाठी एवढंही पुष्कळ.

पण उंदराच्या पंजापाशी आपल्याकडचं बहुतेक काम थांबतं. प्रबंध होतो, पदवी मिळते, शोधनिबंध छापला जातो आणि पुढचा विद्यार्थी दुसरं झाड घेऊन तोच पंजा तशाच नळीत बुडवतो. फिलिपिन्समध्ये असं झालं नाही. तिथे निर्गुडीला लागुंडी म्हणतात आणि ती खोकल्यावर वापरतात. सत्तरच्या दशकात तिथल्या सरकारने औषधी वनस्पतींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. डॉ. नेलिया कोर्तेस-मरांबा यांच्या पुढाकाराने लागुंडीच्या लागवडीपासून गोळीपर्यंतच्या पायऱ्या चढल्या गेल्या, माणसांवर चाचण्या झाल्या, आणि आज लागुंडीच्या गोळ्या नि सिरप तिथल्या औषधाच्या दुकानात मिळतं. आपल्या बांधावरचंच हे झुडूप.

महाराष्ट्रात एका झाडाच्या बाबतीत मात्र पंजाच्या पलीकडे जाणं झालं. ते झाड सालई. कोरड्या, खडकाळ डोंगरउतारांवर, सातपुड्यात नि मेळघाटात ते भरपूर. साल कागदासारखी सुटते, खाचा पाडल्या की सुगंधी डिंक पाझरतो. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत सिंग आणि अटल यांनी त्याचे सूजनाशक गुण १९८६ मध्ये मांडले. जर्मनीत ट्यूबिंगनला साफायही, अ‍ॅमोन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवलं की या डिंकातली बॉस्वेलिक आम्लं ५-लॉक्स विकराला अडवतात, म्हणजे गोळ्या जी वाट मोकळी सोडतात तीच. २०२० मध्ये तर त्या विकराला बिलगलेल्या बॉस्वेलिक आम्लाचं स्फटिकचित्रच मिळालं. अनेक औषधं विकराच्या ऐन खाचेत जाऊन बसतात; हे आम्ल बाजूच्या दुसऱ्याच जागी बसून विकराचा ढंग बदलतं, हे त्या चित्रातून कळलं.

माणसांवरचं काम नागपुरात झालं. किम्मतकर, ठावानी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये गुडघ्याच्या झिजेचे ३० रुग्ण घेतले. निम्म्यांना सालईचा अर्क, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली कॅप्सूल. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. आठ आठवड्यांनी थोडी विश्रांती देऊन दोन्ही गटांची अदलाबदल. अर्क घेतल्यावर दुखणं घटलं, गुडघा जास्त वाकू लागला, चालता येण्याचं अंतर वाढलं. एक्स-रेत मात्र काही फरक नव्हता, आणि तेही त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलं. पुढे २००७ मध्ये नागपूरच्याच गटाने ६६ रुग्णांत सालईची गाठ व्हॅल्डेकॉक्सिब या तेव्हाच्या नव्या गोळीशी घातली, सहा महिने. गोळीचा गुण महिन्याभरात आला, सालईला दोन महिने लागले. पण औषध थांबवल्यावर गोळीचा गुण गेला आणि सालईचा आणखी महिनाभर टिकला. कोण काय घेतंय हे या वेळी सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे या निकालाचं वजन पहिल्याइतकं नाही. आणि ती व्हॅल्डेकॉक्सिब? हृदयाच्या आणि त्वचेच्या गंभीर दुष्परिणामांमुळे अमेरिकेत ती २००५ मध्येच बाजारातून गेली होती.

तीस आणि सहासष्ट हे आकडे लहान आहेत. मोठं काम उभं राहिलं ते केंद्र सरकारच्या सीएसआयआरच्या योजनेतून. त्यात पुणे विद्यापीठाचे भूषण पटवर्धन होते आणि भिगवणची पाहणी करणारे डॉ. चोप्रा होते. गुळवेल, सुंठ, आवळा आणि सालई यांच्या अर्कांची आयुर्वेदिक मिश्रणं एका बाजूला, ग्लुकोसामीन आणि सेलेकॉक्सिब दुसऱ्या बाजूला. ४४० रुग्ण, २४ आठवडे, अनेक रुग्णालयं, आणि कोणाला काय मिळतंय हे कोणालाच न सांगता. २०१३ मध्ये निकाल आला: वेदना नि हालचाल या दोन्हींत आयुर्वेदिक मिश्रणं सेलेकॉक्सिबच्या तोडीची ठरली. मला त्या निबंधातली दुसरी ओळ जास्त महत्त्वाची वाटते. आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या सात जणांच्या रक्तात यकृताचं एसजीपीटी हे विकर वाढलं. त्यांना काहीच त्रास जाणवत नव्हता, तरी त्यांना चाचणीतून काढलं आणि औषध थांबवल्यावर आकडा पूर्ववत झाला. रक्त तपासलं नसतं तर ही गोष्ट कोणाला कळलीच नसती.

पुढे करोनात घरोघर गुळवेलीचे काढे उकळले. मुंबईच्या डॉ. आभा नगराल आणि सहकाऱ्यांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० दरम्यान गुळवेल घेतलेले सहा यकृतविकाराचे रुग्ण पाहिले आणि ते प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला: रुग्णांनी घेतलेली वेल गुळवेलच होती कशावरून, तिच्यासारखी दुसरी जात असेल. हा आक्षेप काही अगदीच बिनबुडाचा नाही. पण तो खरा मानला तर प्रश्न आणखी मोठा होतो. बाजारात गुळवेल म्हणून काय विकलं जातंय, हे कोण तपासतंय? आठवडी बाजारातल्या सांधेदुखीच्या पुड्यांचं तर बोलायलाच नको. ‘शुद्ध आयुर्वेदिक’ लिहिलेल्या पुड्यांत स्टेरॉइड आणि डायक्लोफिनॅक मिसळलेलं देशभरात वेळोवेळी सापडलं आहे. दोन दिवसांत माणूस टुणटुणीत होतो, चेहरा गोल होतो, साखर वाढते, आणि हाडं आतून पोकळ होत जातात. दोन दिवसांत गुण देणाऱ्या झाडपाल्याचा संशय घ्यायलाच हवा. सालईसारख्या खऱ्या वनस्पतीला महिने लागतात.

हळदीवर मी फार थांबणार नाही, कारण तिच्याबद्दल सगळेच लिहितात. अमेरिकेने १९९५ मध्ये जखमेवरच्या हळदीचं पेटंट दिलं आणि डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या सीएसआयआरने लढून १९९७ मध्ये ते रद्द करवलं, याचा अभिमान रास्तच आहे. पण कुर्क्युमिन पोटातून रक्तात जेमतेम पोचतं. मिरीतल्या पिपरिनने ते प्रमाण वाढतं, हे बंगळुरूच्या सेंट जॉन्सने १९९८ मध्ये दाखवलं. आणि परीक्षानळीत ते इतक्या गोष्टींना चिकटतं की खोटे होकार देणारं संयुग म्हणून औषध-रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये त्याच्याबद्दल सावध केलं. पेटंट जिंकणं वेगळं आणि औषध सिद्ध करणं वेगळं.

मिरचीची गोष्ट मला अधिक आवडते. ती पोर्तुगीजांबरोबर आली, म्हणजे आपल्या जुन्या ग्रंथांत ती नाहीच. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले ज्योती, अग्निरेखा अशा जाती दिल्या त्या ठेच्या-तिखटासाठी. पण मिरचीने जीभ का भाजते, हे शोधताना डेव्हिड ज्युलियस यांना १९९७ मध्ये चेतातंतूंवरचा उष्णता ओळखणारा दरवाजा सापडला, टीआरपीव्ही-१. कॅप्सेसीन तोच दरवाजा उघडतं. गरम तव्याचा चटका नि मिरचीचा झोंबणारा तिखटपणा शरीराला एकाच वाटेने कळतात. या शोधासाठी त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. आणि तो दरवाजा फार वेळ उघडा ठेवला की तंतूचं टोक थकून गप्प होतं. नागिणीनंतर महिनोन्‌महिने राहणाऱ्या जळजळीवर आठ टक्के कॅप्सेसीनचा पट्टा डॉक्टरांच्या देखरेखीत तासभर लावला, तर तीन महिन्यांपर्यंत आराम टिकू शकतो. हे वाचून कोणी घरची मिरची वाटून लावू नये, कातडी भाजेल. बिब्ब्याचंही तेच. काटा मोडला, भेग पडली की आपल्याकडे बिब्ब्याचा चटका देतात, आणि त्याच तेलाने अंगभर फोड येऊन दवाखाना गाठणारेही असतात.

श्रावण-भाद्रपदात अकोल्याच्या झुडपांवर कळलावी फुलते. पाकळ्या वर वळलेल्या, टोकं लाल, बुडं पिवळी. पानाचं टोक वेटोळं होऊन शेजारच्या फांदीला धरतं. तिच्या कंदात नि बियांत कोल्चिसिन असतं. हे संयुग १८२० मध्ये पॅरिसच्या पेलेतिए आणि काव्हंतू यांनी युरोपातल्या दुसऱ्या एका फुलझाडातून काढलं. गाउटने पायाचा अंगठा लालबुंद होऊन चादरीचा स्पर्शही सोसत नाही, तेव्हा डॉक्टर आजही हेच देतात. ते पांढऱ्या पेशींची सांध्याकडची धाव थांबवतं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हृदयविकाराच्या रुग्णांसाठी त्याचा रोजचा ०.५ मिलिग्रॅमचा डोस मंजूर केला, कारण धमन्यांच्या विकारातही दाह असतो. अर्धा मिलिग्रॅम औषध, आणि अवघे काही मिलिग्रॅम जीव घेऊ शकतात. कळलावीचा कंद खाऊन माणसं मेली आहेत. कोणत्याही वैदूला, कोणत्याही वैद्याला नुसत्या हाताच्या अंदाजाने हा फरक सांभाळता येणार नाही. कळलावीचं औषध झालं ते तराजूमुळे. तिची पद्धतशीर शेती होते तमिळनाडूत.

नगरला औषधी द्रव्यांचा असा अभ्यास नवीन नाही. वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ मध्ये या शहरात आयुर्वेद महाविद्यालय सुरू केलं. ते आज त्यांच्याच नावाने चालतं. त्यांचा औषधीगुणधर्मशास्त्राचा मराठी ग्रंथ वैद्यांच्या कपाटात अजून असतो. एकेक द्रव्य घेऊन ते कोणत्या अवस्थेत चालतं नि कोणत्या नाही, हे मराठीत नीट मांडून ठेवण्याचा तो प्रयत्न होता. राहुरीला औषधी व सुगंधी वनस्पतींचा अखिल भारतीय संशोधन प्रकल्प आहे. लोणीला प्रवरेचं मोठं रुग्णालय आहे, अस्थिरोग विभागासह. फार्मसी महाविद्यालयं आहेत. म्हणजे लागवड करणारे, अर्क काढणारे, वैद्य आणि शल्यचिकित्सक हे सगळे शंभर किलोमीटरच्या आत बसलेले आहेत. निर्गुडीच्या एका खऱ्या चाचणीसाठी आणखी काय लागतं?

लागतं ते असं. राहुरीच्या मळ्यात एकाच वाणाची निर्गुडी लावून दर दोन महिन्यांनी पानं तोडायची आणि त्यांतल्या अ‍ॅग्नुसाइड, कॅस्टिसिन या संयुगांचं प्रमाण मोजायचं, म्हणजे पावसाळ्यातला पाला चांगला की थंडीतला ते कळेल. मग गुडघ्याच्या झिजेचे किमान दोन-तीनशे रुग्ण. पोटात घ्यायच्या अर्काची तुलना रिकाम्या कॅप्सूलशी करणं सोपं आहे. शेकाची तुलना अवघड. निर्गुडीचा वास लपत नाही आणि नुसत्या उष्णतेनेही बरं वाटतं, म्हणून एका गटाला निर्गुडीची पुरचुंडी, एकाला तेवढ्याच गरम वेगळ्या पाल्याची, आणि गुडघा तपासणाऱ्याला कोणता गट कोणता हे माहीत नाही, असं करावं लागेल. आयबुप्रोफेनच्या नेहमीच्या मात्रेचा एक गट आणि निम्म्या मात्रेसह निर्गुडीचा एक गट हवाच, कारण रोहतकच्या उंदरांनी तो प्रश्न आपल्यापुढे ठेवून वीस वर्षं होत आली. यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. आणि या रुग्णांत ऊसतोडणीच्या बाया-माणसं असावीत. चाचण्यांत शहरातली, बसून काम करणारी माणसं सहज सापडतात. मोळी वाहणाऱ्या गुडघ्याला औषध लागू पडतं का, हे मोळी वाहणाऱ्यांनाच विचारावं लागेल. हंगामात ते हजर राहू शकत नाहीत, तेव्हा तपासनीसाने फडावर जायचं.

एक गोष्ट चाचणीच्या आधीची. जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक गावाने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ग्रंथांत आलेल्या ज्ञानाच्या वापरावर लाभाचा वाटा द्यावा लागत नाही. निर्गुडी ग्रंथांत आहे. पण अकोल्याच्या महादेव कोळी आणि ठाकर घरांतली शेकाची विशिष्ट रीत, कोणत्या पाल्याबरोबर कोणता पाला मिसळायचा हे ज्ञान तोंडी आहे. ते कोणाच्या गावचं, कोणी सांगितलं, हे नोंदवहीत त्यांच्या संमतीने, त्यांच्या नावानिशी चढलं पाहिजे, आणि उंदराचा पहिला पंजा नळीत बुडण्यापूर्वी चढलं पाहिजे.